गर्भपिशवीबाहेरचा गर्भ, कथांतला आणि प्रयोगशाळेतला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल संपूर्णपणे आईच्या शरीराबाहेर वाढवणे आज शक्य झाले आहे का?

नाही. माणसाचे तर नाहीच, पण कोणत्याही सस्तन प्राण्याचे पिल्लू फलनापासून जन्मापर्यंत गर्भाशयाबाहेर वाढवण्यात आजवर कोणाला यश आलेले नाही. विज्ञानाने गर्भारपणाची दोन टोके मात्र शरीराबाहेर आणली आहेत. सुरुवातीचे टोक म्हणजे फलन आणि त्यानंतरचे पाच-सहा दिवस. हे आयव्हीएफ प्रयोगशाळेतल्या उबदार पेटीत नित्य घडते. शेवटचे टोक म्हणजे साधारण बाविसाव्या ते चोविसाव्या आठवड्यानंतरचा काळ. इतक्या लवकर जन्मलेल्या काही बाळांना नवजात अतिदक्षता विभागात वाचवता येते. या दोन टोकांमधले साडेचार-पाच महिने अजूनही स्त्रीच्या गर्भपिशवीतच पार पडतात. कथाकारांनी हे मधले महिने फार सहज ओलांडले, प्रयोगशाळेला ते ओलांडता आलेले नाहीत, आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच महिन्यांभोवती फिरतात. (आठवडे सर्वत्र डॉक्टर मोजतात तसे, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरले आहेत.)

पारदर्शक गोळ्यांमध्ये शेकडो बाळे वाढताना दाखवणारा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतो. तो कारखाना कोठे आहे?

तो कोठेही नाही. डिसेंबर 2022 मध्ये बर्लिनस्थित चित्रपटकार हाशेम अल-घैली यांनी ‘एक्टोलाइफ’ या नावाने ही कल्पनाचित्रफीत प्रसिद्ध केली. वर्षाला 30,000 बाळे ‘तयार करणारी’ वास्तू, मोबाइलवर दिसणारे बाळाचे ठोके, पालकांचा आवाज ऐकवणारा स्पीकर हे सारे संगणकावर रचलेले आहे. चित्रफितीत ते कल्पना म्हणूनच मांडलेले होते. पुढे पाठवताना तेवढा खुलासा गळून पडला. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे दवाखान्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या जोडप्यांपर्यंत असा व्हिडिओ ‘आता हेही निघाले आहे’ अशा ओळीसह पोहोचतो, तेव्हा तो निव्वळ करमणूक राहत नाही. म्हणून तो पुढे पाठवू नये, आणि कोणी पाठवला तर त्याला खरे काय ते सांगावे.

गांधारीच्या शंभर पुत्रांचा जन्म म्हणजे प्राचीन काळातील टेस्ट ट्यूब बेबी मानावी का?

आदिपर्वातील कथा काय सांगते, ते आधी नीट वाचू. गांधारीला दिवस गेले, दोन वर्षे उलटली तरी प्रसूती होईना. तेवढ्यात कुंतीला पुत्र झाल्याची वार्ता आली, आणि दुःखाच्या भरात गांधारीने आपल्या उदरावर आघात केला. लोखंडाच्या गोळ्यासारखा घट्ट मांसपिंड बाहेर पडला. ती तो टाकून देणार इतक्यात व्यास आले. त्यांच्या सांगण्यावरून तुपाने भरलेले कुंभ सिद्ध करण्यात आले. पिंडावर थंड पाणी शिंपडताच त्याचे अंगठ्याच्या पेराएवढे एकशे एक भाग झाले. ते कुंभांत घालून सुरक्षित जागी ठेवले गेले आणि आणखी दोन वर्षांनी कुंभ उघडले. पहिला दुर्योधन, आणि शंभरांवर एक कन्या, दुःशला.

या कथेत शरीराबाहेरचे फलन नाही. गर्भधारणा गांधारीच्या पोटातच झाली आहे. कुंभांत येतो तो अर्धवट वाढलेला पिंड, म्हणजे कथेतील कुंभाचे काम फलनाच्या बशीपेक्षा आजच्या काचपेटीच्या जवळचे आहे. पण मुळात एखादे तंत्र अस्तित्वात होते असे म्हणायचे, तर ते दुसऱ्याला करून पाहता यावे, त्याची साधने आणि त्यातील अपयशे कोठेतरी नोंदलेली असावीत. तसे काही हाती नाही. आणि महाभारताला विज्ञानाचा दाखला ठरवण्याच्या घाईत या कथेचा गाभाच निसटतो, असे मला मनापासून वाटते. कूस उजवण्याच्या शर्यतीत मागे पडलेली, स्वतःच्याच उदरावर हात उगारणारी एक राणी येथे उभी आहे. वंध्यत्वावरील उपचारांच्या प्रतीक्षाकक्षात बसलेल्या स्त्रीला तुपाच्या कुंभांपेक्षा गांधारीचा तो आघात अधिक ओळखीचा वाटेल.

बलरामाचा गर्भ देवकीच्या उदरातून रोहिणीच्या उदरात गेला. अशी गर्भाची अदलाबदल विज्ञानात कधी झाली?

1890 मध्ये, सशांत. केंब्रिजचे वॉल्टर हीप यांनी अंगोरा जातीच्या मादीतून अवघ्या चार पेशींचे दोन भ्रूण काढून बेल्जियन हेअर जातीच्या मादीत सोडले. त्या मादीचा तिच्याच जातीच्या नराशी आधी संयोग झालेला होता. तिला सहा पिल्ले झाली. त्यांपैकी चार तिच्यासारखी, तर दोन अस्सल अंगोरा होती. पालक-गर्भाशयाचा भ्रूणाच्या जातीवर परिणाम होत नाही, हे त्यातून दिसले. मात्र भागवतातील संकर्षण हे वाढलेल्या गर्भाचे स्थलांतर आहे. तसे आजही करता येत नाही, कारण एकदा वार, म्हणजे गर्भाला आईच्या गर्भाशयाशी जोडणारा अवयव, रुजली की गर्भ तेथून उचलून दुसरीकडे लावता येत नाही. भ्रूण हलवता येतो तो रुजण्याआधीच.

गर्भाशयाबाहेर संपूर्ण वाढ ही कल्पना एखाद्या शास्त्रज्ञाने प्रथम गांभीर्याने कधी मांडली?

4 फेब्रुवारी 1923 रोजी केंब्रिजमधील एका वादसभेत जे. बी. एस. हाल्डेन यांनी ‘डेडलस’ हा निबंध वाचला. हाल्डेन हे जीवरसायन आणि आनुवंशिकी या विषयांतील मोठे नाव. ते 1957 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, त्यांनी पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि 1964 मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

निबंधाच्या मध्यावर ते एक युक्ती योजतात. दीडशे वर्षांनंतरचा एक विद्यार्थी विसाव्या शतकातील जीवशास्त्रावर निबंध लिहीत आहे, अशी कल्पना करून ते त्याच्या तोंडून भविष्य सांगतात. या काल्पनिक इतिहासात 1951 साली द्युपाँ आणि श्वार्त्स हे दोघे शास्त्रज्ञ पहिले मूल शरीराबाहेर वाढवतात, 1968 पर्यंत फ्रान्समध्ये दरवर्षी 60,000 मुले या रीतीने जन्मू लागतात, आणि विद्यार्थ्याच्या काळातील इंग्लंडमध्ये स्त्रीच्या पोटी जन्मणारी मुले 30 टक्क्यांहूनही कमी उरतात. आकडे चुकले, हे उघड आहे. पण त्या मजकुरात एक वाक्य असे आहे की जे या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने थांबून वाचावे: विमान अपघातात मृत्यू पावलेल्या स्त्रीच्या अंडाशयातून बीजे मिळवणे आणि त्यांचे फलन करणे त्या दोघांना साधते, मात्र भ्रूणाचे पोषण आणि आधार हा प्रश्न अधिक अवघड ठरतो. हाल्डेन यांनी तो ‘चौथ्या वर्षी’ सोडवून टाकला. प्रत्यक्षात फलनाचा प्रश्न 1978 पर्यंत सुटला आणि पोषणाचा आज शतक उलटल्यावरही सुटलेला नाही. तरी कोणता प्रश्न अवघड ठरेल, हे त्यांनी अचूक हेरले होते.

ऑल्डस हक्सले यांच्या कादंबरीतील बाटल्यांचे वर्णन शास्त्रीयदृष्ट्या कितपत बरोबर आहे?

‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ 1932 मध्ये आली. हक्सले यांचे थोरले बंधू ज्युलियन हे जीवशास्त्रज्ञ होते, हाल्डेन यांच्याशी दोघांचा परिचय होता, त्यामुळे कादंबरीतील तपशील हवेतून आलेले नाहीत. लंडनच्या उबवणी केंद्रात बाटलीच्या तळाशी डुकरिणीच्या पोटातील पातळ पडद्याचे अस्तर लावतात, त्यावर भ्रूण ठेवतात, त्याला कृत्रिम रक्त पुरवतात आणि बाटली सरकत्या पट्ट्यावर सोडतात. पट्टा दिवसाला आठ मीटर सरकतो. 267 दिवसांत बाटली 2136 मीटरचा प्रवास करते आणि मग मूल ‘ओतले’ जाते. 267 दिवस हा आकडा फलनापासून जन्मापर्यंतच्या खऱ्या कालावधीशी जुळणारा आहे.

चूक झाली आहे ती अस्तराच्या बाबतीत. भ्रूणाला टेकायला एखादा जिवंत पडदा मिळाला आणि बाहेरून रक्त मिळाले की काम झाले, असे तेथे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात वार हा दोन जिवांनी मिळून घडवलेला अवयव असतो आणि त्याची गर्भाकडील बाजू भ्रूण स्वतः तयार करतो.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र हक्सले काळाच्या पुढे होते. खालच्या वर्गासाठी ठरवलेल्या गर्भांना केंद्रात मुद्दाम प्राणवायू कमी दिला जातो, म्हणजे ते खुजे आणि मंद निपजतात. गर्भावस्थेतील उपासमार आयुष्यभर पुरते, हे कादंबरी ठामपणे सांगते. गरोदरपणातील मद्यपानाने बाळात निर्माण होणाऱ्या दोषांचे नेमके वर्णन अमेरिकेतील डॉक्टरांनी 1973 मध्ये केले, आणि आईच्या कुपोषणाचे बाळावर होणारे दूरगामी परिणाम त्यानंतर अभ्यासले गेले.

मग 1978 मध्ये नेमके काय साधले?

25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊनचा जन्म झाला. तिच्या आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. त्यामुळे बीज आणि शुक्रजंतू यांची गाठ पडणेच अशक्य होते. पॅट्रिक स्टेपटो यांनी दुर्बिणीतून बीज मिळवले, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी ते बशीत फलित करून वाढवले आणि काही दिवसांचा भ्रूण गर्भाशयात सोडला. पुढचे सर्व महिने आईच्या पोटातच गेले. एडवर्ड्स यांना 2010 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर स्टेपटो आणि पर्डी हयात नव्हते. 2018 च्या सुमारास, म्हणजे चाळीस वर्षांत, अशा रीतीने जन्मलेल्या मुलांची संख्या जगभरात 80 लाखांवर गेल्याचा अंदाज आहे.

भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोलकात्याची की मुंबईची?

जन्माच्या क्रमाने कोलकात्याची, आणि ती 3 ऑक्टोबर 1978 ची, म्हणजे लुईसनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी जन्मलेली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन एकाहून अधिक बीजे परिपक्व करून घेतली, ती योनिमार्गाकडून काढली आणि तयार झालेला भ्रूण गोठवून ठेवून पुढच्या चक्रात गर्भाशयात सोडला. ओल्डहॅमच्या पद्धतीत यांपैकी काहीही नव्हते, आणि आज जगभरातील दवाखाने जे करतात त्याच्याशी कोलकात्याची पद्धत अधिक जुळते. तरीही पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवला नाही, जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगी त्यांना नाकारण्यात आली आणि शेवटी त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत करण्यात आली. 19 जून 1981 रोजी त्यांनी आपले जीवन संपवले.

मुंबईत, परळच्या केईएम या महानगरपालिकेच्या रुग्णालयात, 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली. शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला देशातील पहिला जन्म म्हणून तो ओळखला गेला. पुढे आनंद कुमार यांना मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे पाहायला मिळाली. ती तपासल्यावर पहिला मान आपल्याकडे नसून मुखोपाध्याय यांच्याकडे जातो, असे त्यांनी 1997 मध्ये जाहीरपणे मांडले. स्वतःच्या नावावर असलेला मान पुराव्यानिशी दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ विरळाच, आणि या प्रकरणातील हा भाग शाळेच्या पुस्तकांत यायला हवा.

तपन सिन्हा यांचा 1990 मधील ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट मुखोपाध्याय यांच्या आयुष्यावरून सुचला. त्यात नायकाचा शोध मात्र कुष्ठरोगावरील लसीचा आहे.

वारेचे काम यंत्राला का जमत नाही?

कारण ते एकच काम नाही. वार गर्भासाठी फुप्फुस असते, मूत्रपिंड असते, आतडे असते, आणि त्याशिवाय ती संप्रेरकांची मोठी ग्रंथी असते. पूर्ण दिवसांच्या वेळी तिचे वजन जेमतेम अर्धा किलो भरते, पण तिच्यातून मिनिटाला आईचे अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये पेशींचा अत्यंत पातळ थर असतो आणि तो थर काय आत सोडायचे, काय परतवायचे याची निवड करतो. गोवर किंवा धनुर्वातासारख्या आजारांविरुद्ध आईच्या रक्तात असलेली प्रतिपिंडे शेवटच्या तिमाहीत याच थरातून निवडून बाळाकडे नेली जातात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग लवकर होतो त्याचे हे एक कारण आहे.

याहून अवघड गोष्ट अशी, की वारेचे काम दर आठवड्याला बदलते. पहिल्या तिमाहीचा बराच काळ आईचे रक्त वारेत मोकळेपणाने वाहतच नाही. त्या काळात भ्रूण गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर पोसला जातो आणि मुद्दाम कमी प्राणवायूत राहतो, कारण घडत असलेल्या अवयवांना त्या अवस्थेत जास्त प्राणवायू हानिकारक ठरू शकतो. बाराव्या आठवड्याच्या आसपास रक्तप्रवाह हळूहळू खुला होतो. यंत्र बांधायचे तर ते केवळ ‘पुरवठा’ करणारे असून भागणार नाही. कोणत्या दिवशी काय रोखायचे, हेही त्याला कळावे लागेल. आणि त्या दिवसांचे संपूर्ण वेळापत्रक आज कोणाकडेही लिहिलेले नाही.

पिशवीत वाढवलेल्या कोकरांच्या प्रयोगात काय झाले?

फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील एमिली पार्ट्रिज, ॲलन फ्लेक आणि सहकाऱ्यांनी एप्रिल 2017 मध्ये तो प्रसिद्ध केला. मेंढीचा गर्भकाळ साधारण 147 दिवसांचा असतो. 105 ते 120 दिवसांच्या कोकरांना शस्त्रक्रियेने बाहेर काढून गर्भजलासारख्या द्रवाने भरलेल्या, बंद, पारदर्शक पिशवीत ठेवण्यात आले. त्यांच्या नाळेतील रक्तवाहिन्या प्राणवायू देणाऱ्या एका छोट्या यंत्राला जोडल्या. पंप मुद्दामच लावला नव्हता. कोकराचे हृदयच रक्त यंत्रातून फिरवत होते, कारण बाहेरच्या पंपाचा जोर इतक्या कोवळ्या हृदयाला सोसत नाही. चार आठवड्यांपर्यंत ही कोकरे पिशवीत राहिली. छायाचित्रांत सुरुवातीचे गुलाबी, बिनलोकरीचे कोकरू पुढे पांढऱ्या लोकरीचे झालेले दिसते. ती डोळे उघडत होती, द्रव गिळत होती, पाय हलवत होती.

ही कोकरे फुप्फुसांच्या वाढीच्या दृष्टीने 23-24 आठवड्यांच्या मानवी बाळाच्या बरोबरीची होती, पण आकाराने मोठी. त्या वयाचे मानवी बाळ सुमारे अर्ध्या-पाऊण किलोचे असते, त्याच्या नाळेतील वाहिन्या अतिशय बारीक असतात आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका कोकरापेक्षा पुष्कळ अधिक असतो. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावे लागते आणि तेच औषध हा धोका वाढवते. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी मानवी चाचण्यांच्या प्रश्नावर चर्चा केली. उद्देश अतिशय कमी दिवसांच्या बाळाला आणखी काही आठवडे द्रवात ठेवून त्याची फुप्फुसे वाचवणे, एवढाच आहे. तोही लहान नाही.

सुरुवातीच्या टोकाकडून किती पुढे जाता आले आहे?

उंदरांत बरेच. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील जेकब हन्ना यांच्या गटाने मार्च 2021 मध्ये दाखवले की साडेपाच दिवसांचे उंदराचे भ्रूण फिरत्या काचेच्या बाटल्यांत अकराव्या दिवसापर्यंत वाढवता येतात. उंदराचा गर्भकाळच वीस दिवसांच्या आतबाहेर असतो, म्हणजे हा मोठा पल्ला आहे. हृदयाची धडधड दिसू लागते, अवयव आकार घेतात. त्यापुढे वाढ थांबते, कारण भ्रूण इतका जाड होतो की भोवतालच्या द्रवातून झिरपणारा प्राणवायू आतपर्यंत पोहोचत नाही. पुन्हा वारेपाशीच येऊन अडते.

मानवी भ्रूण 2016 मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील दोन गटांनी तेराव्या दिवसापर्यंत वाढवले आणि तेथे थांबवले. चौदा दिवसांची मर्यादा ब्रिटनमधील वॉरनॉक समितीने 1984 मध्ये सुचवली होती. त्या सुमारास भ्रूणात पाठीच्या कण्याची पहिली रेषा उमटते आणि त्यानंतर एका भ्रूणाची जुळी होऊ शकत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेही हीच मर्यादा पाळतात.

जन्मतःच गर्भपिशवी नसलेल्या किंवा ती काढावी लागलेल्या स्त्रीपुढे आज कोणते मार्ग आहेत?

दत्तक घेण्याव्यतिरिक्त दोन, आणि दोन्हींत दुसऱ्या स्त्रीची गर्भपिशवी लागते: सरोगसी किंवा गर्भाशय-प्रत्यारोपण. प्रत्यारोपणानंतरचा जगातील पहिला जन्म सप्टेंबर 2014 मध्ये स्वीडनमध्ये झाला. भारतातील पहिले प्रत्यारोपण मे 2017 मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्यातच प्रत्यारोपित गर्भाशयातून एका मुलीचा सिझेरियनने जन्म झाला. दिवस पूर्ण भरण्याआधीच प्रसूती करावी लागली आणि तिचे वजन सुमारे दीड किलो होते. गर्भाशय दिले होते आजीने. म्हणजे ज्या पिशवीत आई वाढली, त्याच पिशवीत नात वाढली. कोणत्याही कथाकाराने असे लिहिले असते तर ते ओढूनताणून आणलेले वाटले असते, पण पुण्यातील एका शस्त्रक्रियागृहात ते घडले आहे.

या शस्त्रक्रियेत आईला गर्भारपणात आणि त्याआधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, गर्भधारणा आयव्हीएफनेच होते आणि मूल झाल्यावर सहसा गर्भाशय काढून टाकतात.

पुरुष गर्भार राहू शकेल का?

वनपर्वातील युवनाश्व राजाची कथा सर्वश्रुत आहे. राणीसाठी मंत्रून ठेवलेले कलशातील पाणी त्याने रात्री तहानेपोटी पिऊन टाकले आणि पुढे त्याची कूस भेदून मांधाता जन्मला. निसर्गात समुद्रघोड्याचा नर पिल्ले आपल्या पोटावरील पिशवीत वाढवतो. मानवी पुरुषात मात्र गर्भाशय नाही, आणि गर्भाशयाबाहेर पोटात रुजलेली गर्भधारणा स्त्रियांतही प्राणघातक ठरू शकते, कारण वार जेथे रुजते तेथील रक्तवाहिन्या पोखरते. म्हणून आजचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे.

केवळ स्त्रियांपासून, पुरुषाविना मूल होऊ शकते का?

कोमोडो ड्रॅगनमध्ये होते. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयात ते 2006 मध्ये उघडकीस आले. सस्तन प्राण्यांत आपोआप होत नाही. 1984 मध्ये केंब्रिजमधील अझीम सुरानी यांच्या आणि अमेरिकेतील एका गटाच्या प्रयोगांनी त्याचे कारण दाखवले: काही जनुकांवर ती आईकडून आली की वडिलांकडून याची खूण असते आणि वाढीसाठी दोन्ही खुणा लागतात. केवळ मातेच्या खुणा असलेल्या उंदराच्या भ्रूणात वारच नीट वाढत नाही. टोकियोत 2004 मध्ये जनुकांत फेरफार करून दोन मातांपासून एक उंदीर वाढवला गेला, पण शेकडो भ्रूणांतून.

बीज एकीचे, गर्भपिशवी दुसरीची, संगोपन तिसरीचे. मूल कोणाचे?

हा प्रश्न कथांनी विज्ञानाच्या कितीतरी आधी विचारला. देवकी, रोहिणी आणि यशोदा यांच्यातील नाती कोणत्याही कायद्याच्या मसुद्याहून गुंतागुंतीची आहेत. न्यायालयापुढे तो 2008 मध्ये उभा राहिला. गुजरातमधील आणंद येथे एका जपानी जोडप्यासाठी सरोगसीतून मुलगी जन्मली, पण जन्माआधीच त्या दोघांचा घटस्फोट झाला होता. वडिलांना मूल हवे होते, परंतु कागदपत्रांत आई कोण लिहायची हे ठरेना. बाळासाठी जपानहून आजी आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

सरोगसी आणि सहायक प्रजनन तंत्रज्ञान यांवरील दोन्ही केंद्रीय कायदे 2021 चे असून जानेवारी 2022 पासून लागू आहेत. पैसे देऊन गर्भपिशवी घेण्यास बंदी आहे. सरोगेट स्त्री 25 ते 35 वयाची, विवाहित किंवा एकदा विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली असावी लागते आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. तिच्यासाठी 36 महिन्यांचा विमा बंधनकारक आहे. मूल कायद्याने इच्छुक जोडप्याचे जैविक अपत्य मानले जाते. बंदीमुळे शोषण थांबेल की व्यवहार अंधारात जाईल, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की नऊ महिन्यांच्या कष्टांना ‘परोपकार’ म्हणून मोबदला नाकारणारा कायदा त्या स्त्रीचे श्रम अदृश्य करतो, आणि त्यात बदल व्हायला हवा.

कृत्रिम गर्भाशय आले तर स्त्रिया मुक्त होतील, असे काही स्त्रीवादी म्हणतात. ते पटण्यासारखे आहे का?

अमेरिकन स्त्रीवादी लेखिका शुलामिथ फायरस्टोन यांनी 1970 मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली: गर्भारपणाचे ओझे उतरल्याशिवाय समता अपुरी राहील. बाळंतपणात आई गमावलेल्या घरांना या म्हणण्यातील तळमळ कळेल. इंग्रजी लेखिका मेरी शेली यांची आई त्यांच्या जन्मानंतर काही दिवसांतच बाळंतरोगाने गेली, शेली यांचे पहिले मूल अपुऱ्या दिवसांचे होते आणि जगले नाही. आईविना जीव निर्माण करणाऱ्या शास्त्रज्ञाची त्यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी 1818 मधील आहे.

तरीही महाराष्ट्राचा अनुभव सावध करतो. गर्भजल परीक्षा आणि सोनोग्राफी ही दोन्ही साधने बाळातील दोष वेळीच कळावेत म्हणून आली, आणि 1980 च्या दशकात मुंबईत ती मुलींचे गर्भ ओळखून पाडण्यासाठी सर्रास वापरली गेली. स्त्री संघटनांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. पोटातल्या गर्भाकडे पाहण्याचे साधन मिळताच जे घडले, ते पाहता काचेपलीकडे उघड्यावर असलेल्या गर्भाबाबतचे निर्णय कोण घेईल, हा प्रश्न यंत्र येण्याआधीच विचारला पाहिजे. आज गर्भपिशवी स्त्रीच्या शरीरात आहे म्हणून निदान तिचा शब्द लागतो.

आमच्या घरात अठ्ठावीस आठवड्यांत बाळ होण्याची शक्यता आहे. कृत्रिम गर्भाशय उपलब्ध नाही, तर मग काय उपलब्ध आहे?

बरेच काही आहे, आणि त्यातील बहुतेक उपाय खर्चिक नाहीत. मुदतपूर्व प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यामुळे बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी 1972 मध्ये सिद्ध केले. त्यासाठी आईने वेळेत, शक्यतो बाळ पोटात असतानाच, नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पोहोचणे महत्त्वाचे असते. जन्मानंतर गरज भासल्यास फुप्फुसांत सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसे मिटू न देणारे द्रव्य, सोडतात. आईचे दूध, थेंबाथेंबाने नळीतून का होईना, सुरू करतात. बाळ स्थिर झाले की त्याला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत सुरू होते. कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून 1978 मध्ये तिचा अवलंब झाला आणि पुढे तिने बाळांचे मृत्यू कमी होतात हे दिसून आले. हे काम वडील आणि आजीही करू शकतात. रुग्णालयात पोहोचल्यावर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले का, आणि बाळाला छातीशी केव्हा घेता येईल, हे दोन प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारा.